शाळा सुटण्याचा आदेश

कोणतीही संस्था सुरू करायला ध्येय लागतं आणि बंद करायला नुसती किल्ली पुरते. तरीही जगात ध्येयवादी माणसं उदंड आहेत आणि किल्ल्या मात्र वेळेवर सापडत नाहीत. मी आयुष्यभर एका कचेरीत हेडक्लार्क होतो, त्यामुळे ध्येयाशी माझा थेट संबंध कधी आला नाही. किल्ल्यांचा अनुभव दांडगा आहे. त्या अधिकाराने आमच्या घरात भरणाऱ्या शाळेची हकिकत मी नोंदवतो आहे. इतकी आदर्श संस्था मी दुसरी पाहिलेली नाही. (मी एकूण दोनच संस्था जवळून पाहिल्या. दुसरी माझी कचेरी.)

स्थापना अशी झाली. माझी नात ठमी, वय सात, हिच्या शाळेतून चिठ्ठी आली की ही मुलगी वर्गात खिडकीबाहेर बघत बसते. माझ्या लेकीने चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि म्हणाली, "बघू दे की. मी तिला घरी अख्खी खिडकी देते." त्याच आठवड्यात तिने बँकेतली नोकरी सोडली, ठमीला आणि बारा वर्षांच्या थोरल्याला शाळेतून काढलं, आणि यापुढे आपण घरीच शिकवणार असं जाहीर केलं. जावईबापूंनी कारण विचारलं तेव्हा ती एवढंच बोलली, "सकाळी जातात, संध्याकाळी येतात, आणि मधल्या मध्ये मोठी होतात. मला माझी पोरं माझ्याजवळ हवीत." हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. आमच्या घरात ते पुढे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

(घरच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप दिसतात. त्यांच्यावर विज्ञानाचे पाच पाठ झाले, तेव्हा खिडकी वाया गेली असं कुणी म्हणू नये.)

संस्था म्हटली की नेमणुका आल्या. लेक मुख्याध्यापिका झाली. जावईबापू विमा कंपनीचं काम घरी बसून लॅपटॉपवर करतात. घरी बसलेला माणूस रिकामा असतो या सर्वमान्य तत्त्वानुसार वाहतूक, भांडार आणि अर्थ ही तिन्ही खाती त्यांच्याकडे गेली. माझ्याकडे ग्रंथालय, शारीरिक शिक्षण आणि शिपाईपद आलं. सासरेबुवा हेडक्लार्कचे शिपाई झाले याचं जावईबापूंना फार वाईट वाटलं. मला मुळीच वाटलं नाही. जावयाच्या घरी राहणाऱ्या सासऱ्याला काहीतरी पद असलेलं बरं. नुसतं राहण्यात शोभा नसते.

घंटा म्हणून जुन्या कुकरचं झाकण मिळालं, टोला द्यायला पळी. सोबत लेखी आदेश: 'रोज सकाळी नऊ वाजता घंटा द्यावी.' तो मी फ्रिजवर चिकटवला आणि त्या दिवसापासून आजपर्यंत नऊची घंटा एकदाही चुकलेली नाही.

शिस्तीसाठी आणखी एक नियम झाला. शाळेच्या वेळात मुख्याध्यापिकेला 'आई' म्हणायचं नाही, 'मॅडम' म्हणायचं. थोरल्याने तो सहज स्वीकारला. बाराव्या वर्षी कुणालाही काहीही म्हणायचा सारखाच कंटाळा असतो. ठमीने फक्त विचारलं, "मग आई कधी?"

"शाळा सुटल्यावर," मुख्याध्यापिका म्हणाली.

"बरं," ठमी म्हणाली, आणि वाट बघायला लागली.

शाळेचं ब्रीदवाक्य होतं: शिक्षण सर्वत्र आहे. ब्रीदवाक्यं भिंतीवर असतात तोवर निरुपद्रवी असतात. ती खरी मानणारं माणूस घरात निघालं की पंचाईत होते, आणि आमच्याकडे ते निघालं. भांडी घासणं हे रसायनशास्त्र ठरलं, कपडे वाळत घालणं भूगोल (वाऱ्याची दिशा), बाथरूमपुढची रांग नागरिकशास्त्र. भावंडांची भांडणं पूर्वी एका धपाट्यात मिटत. आता ती वादविवादात मोडत असल्यामुळे दोन्ही पक्षांना बोलायला समान वेळ मिळे आणि शेवटी आभारही मानावे लागत. थोरल्याने दोन बशा फोडल्या आणि 'अपूर्णांक' असं सांगून मोकळा झाला. एकदा दूध उतू गेलं. पूर्वी माझी लेक अशा वेळी तीरासारखी धावली असती. या वेळी ती म्हणाली, "थांबा, कुणी हात लावू नका. निरीक्षण करा." आम्ही चौघांनी रांगेत उभं राहून निरीक्षण केलं. दूध वाळल्यावर ओटा मी घासला (शारीरिक शिक्षण).

माझ्या अंदाजाने घरात घडणाऱ्या गोष्टींपैकी नव्वद टक्के गोष्टी अशा तऱ्हेने शैक्षणिक झाल्या. उरलेल्या दहा टक्क्यांत झोप होती, आणि तिचाही विचार चालू होता.

आता अर्थसंकल्प. शाळेची फी वाचली, हा पहिला मोठा लाभ. ती पोहण्याच्या वर्गाला भरली. पोहणाऱ्या मुलांना बुद्धीही हवी म्हणून बुद्धिबळ आलं. नुसती बुद्धी माणसाला रुक्ष करते म्हणून व्हायोलिन. हाताला माती लागली पाहिजे म्हणून कुंभारकाम, आणि मातीचे हात जगाच्या मागे पडू नयेत म्हणून रोबो बनवण्याचा वर्ग. बचत अशी वाढत वाढत गेली, आणि खुद्द विमा कंपनीत असलेल्या जावईबापूंना गाडीचा विमा हप्त्यांनी भरायची वेळ आली. "बाबा, अजून थोडी बचत झाली ना, की गाडीच विकावी लागेल," असं ते मला जिन्यात म्हणाले. घरात म्हणाले नाहीत, कारण घरात ते गणित झालं असतं. काटकसर म्हणून माझं वर्तमानपत्र बंद करण्यात आलं. कारण 'पर्यावरण' असं दाखवलं गेलं, ते मी मान्य केलं. कचेरीत आम्हीही नको असलेली गोष्ट नेहमी चांगल्या नावाखालीच बंद करत असू.

ही मुलं घरी शिकतात असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात ती गाडीच्या मागच्या सीटवर शिकतात. तिथेच डबा खातात, तिथेच पोहण्याचे ओले कपडे बदलतात, तिथेच व्हायोलिनवर बसतात. पुढे जावईबापू गाडी हाकत, शेजारी मुख्याध्यापिका मांडीवर वेळापत्रक घेऊन बसलेली. मंगळवारी एकाग्रतेचा वर्ग असे. तिथे तासभर स्वस्थ बसायला शिकवत. आम्ही तिथे हॉर्न वाजवत, एकमेकांवर खेकसत, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत अगदी वेळेवर पोहोचत असू. ठमीला सगळ्या वर्गांत हा वर्ग आवडे, कारण तिथे चांगली खिडकी होती.

लेकीवर बोजा होता हे कुणीही मान्य करील. उद्याचे पाठ, परवाचं वेळापत्रक, वाणसामान, रोबोचे सेल. तिच्या अंबाड्यात रंगीत पेन्सिली खोचलेल्या असत, आणि हिरवी पेन्सिल हरवली की थोरला आधी तिथेच शोधी. ठमी अधूनमधून तिच्या टेबलाशी जाऊन "मॅडम" अशी हाक मारी, कधी चुकून "आई" अशी. दोन्हींना मान वर न करता एकच उत्तर येई. "हं."

या 'हं'ला लोक उगाच कमी लेखतात. कचेरीच्या भाषेत ती पोच आहे. पोच म्हणजे आपला अर्ज मिळाला. तो वाचला जाईल, असं तिच्यात कुठेही म्हटलेलं नसतं. जावईबापू लॅपटॉपच्या मागून जो 'हं' देत तो आणखी लहान असे. ती पोचही नव्हे, नुसता टपालाचा शिक्का. मी पूर्वी वर्तमानपत्राच्या मागून फार घसघशीत 'हं' देत असे. वर्तमानपत्र गेलं आणि माझ्याकडे 'हं' म्हणायला कारणच उरलं नाही. म्हणून ठमी सगळी चौकशी माझ्याकडे करू लागली.

"आजोबा, शाळा सुटली?"

"नाही."

"कधी सुटते?"

"घंटा झाली की."

"मग घंटा कधी होते?"

"आदेश आला की."

हे उत्तर अक्षरशः नियमाला धरून होतं. माझ्या आदेशात नऊची घंटा होती, सुटण्याची नव्हती. मुख्याध्यापिकेने ती का लिहिली नाही? कारण शिक्षण सर्वत्र आहे, आणि सर्वत्र असलेली गोष्ट चार वाजता बंद कशी करणार? मग मी का विचारलं नाही? कारण वरिष्ठांना आदेशातली उणीव दाखवली की ती भरून काढायचं काम दाखवणाऱ्याच्याच गळ्यात पडतं, हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. सगळ्या नोकरीत मी आदेशाशिवाय पंखासुद्धा बंद केला नाही. साहेब गावाला गेले तरी त्यांचा पंखा त्यांच्या खुर्चीला वारा घालत राही.

तर झालं असं, की पहिल्या दिवशी नऊला भरलेली आमची शाळा सुटलीच नव्हती. मी रोज सकाळी घंटा देत होतो ती चालू शाळेत. जेवताना पोषणशास्त्र होई, जेवल्यावर गच्चीवर तारे, झोपताना गोष्ट आणि गोष्टीच्या खाली आकलनाचे प्रश्न. ठमी दुसऱ्या प्रश्नाला झोपून जाई. उत्तर अपूर्ण धरलं जाई. थोरल्याने एकदा सुट्टी मागितली. ती उदार मनाने मंजूर झाली, आणि 'सुट्टी: एक अभ्यास' या विषयावर त्याला दहा पानं लिहावी लागली. त्याने पुन्हा मागितली नाही.

मध्ये एकदा ठमीला ताप भरला. लेक धावत आली, तिच्या कपाळावर हात ठेवला, आणि घटकाभर तिचा चेहरा पूर्वीसारखा झाला. मग तिने तापमापी थोरल्याच्या हातात दिली आणि पारा का चढतो ते समजावून सांगायला लागली. ठमी पांघरुणातून म्हणाली, "ताप आला तरी शाळा असते?" कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं, आणि मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून घंटा द्यावी असा काही आदेश नव्हता.

वर्ष असं भरभराटीत गेलं आणि तपासणी आली. घरी शिकणाऱ्या मुलांना शिक्षण खात्याचे तपासनीस येऊन बघतात. शेरा चांगला पडला तर मान्यता कायम; वाईट पडला तर मुलं मुकाट्याने जुन्या शाळेत, जुन्या चिठ्ठीसकट. लेकीची आठवडाभर झोप उडाली होती. "बाबा, हे जमलं नाही ना, तर लोक म्हणतील, नोकरी सोडून हिने केलं काय?" असं ती मला भाजी निवडता निवडता म्हणाली. (त्या वेळी चुकून 'बाबा' म्हणाली. शाळेच्या वेळात मी 'ग्रंथपाल' असतो.) घर लख्ख झालं. सांडपाण्याच्या पाइपांचा तक्ता खिडकीशेजारी लागला. रोबोला नवे सेल बसले.

तपासनीसबाई दुपारी आल्या. पन्नाशीच्या, खांद्याला कापडी पिशवी, एका चपलेचा अंगठा नव्याने शिवलेला. बसल्या बसल्या त्यांनी पाणी मागितलं. थोरल्याने पेला पुढे केला आणि त्यात किती मिलिलिटर पाणी मावतं तेही सांगितलं. पुढचे दोन तास आमच्या संस्थेचे सुवर्णाक्षरांनी लिहावेत असे गेले. थोरल्याने आरोह-अवरोह वाजवले, घनमूळ काढलं, स्वतः घडवलेली कुंडी दाखवली आणि ती गळते का, यावर दोन्ही बाजूंनी भाषण केलं. रोबो चार पावलं चालून सोफ्याखाली गेला. तपासनीसबाई लिहीत होत्या आणि मान डोलावत होत्या. जावईबापूंनी मला डोळ्यांनीच 'जमलं' अशी खूण केली.

मग त्या ठमीकडे वळल्या. मुलांशी बोलायला सुरुवात करताना मोठी माणसं जो बिनकामाचा प्रश्न विचारतात, तोच त्यांनी विचारला. "काय गं, आईला मदत करतेस की नाही?"

"आई नसते," ठमी म्हणाली.

तपासनीसबाईंचं पेन थांबलं. त्यांनी आवाज खाली आणला. "नसते म्हणजे, बाळ?"

"शाळा भरायच्या आधी होती."

"अगं बाई. आणि मग या कोण?"

"या मॅडम. यांना खूप काम असतं."

मुख्याध्यापिकेचा हात नुसताच अंबाड्याकडे गेला आणि तिने एक पेन्सिल काढून हातात धरली. अशा प्रसंगी खुलासा करणं हे लिपिकाचं काम असतं, म्हणून मी पुढे झालो. "आई आहे, बाई," मी म्हणालो. "पण शाळा सुटल्यावर. तसा नियम आहे."

"हो का? आणि शाळा सुटते कधी?" तपासनीसबाईंनी विचारलं.

जावईबापूंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने माझ्याकडे पाहिलं. "बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "शाळा कधी सुटते आपली?"

"तसा आदेश नाही," मी म्हणालो.

"नाही म्हणजे? मग रोज?"

"रोज भरते."

माझी लेक हुशार आहे. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ती खाली बघत राहिली, आणि ते सगळं वर्ष तिच्या चेहऱ्यावरून एकेक वर्ग, एकेक फेरी करत गेलेलं मला दिसलं. ठमी मात्र माझ्याकडे बघत होती, रोज बघते तशी, वाट बघत. तिच्या त्या बघण्यात तक्रार नव्हती. असती तर मी तिची पोच देऊन मोकळा झालो असतो.

मी स्वयंपाकघरात गेलो, कुकरचं झाकण उचललं आणि पळीने टोले दिले. मोजले नाहीत. लेखी आदेश नव्हता, तोंडी नव्हता, वरिष्ठांची संमती नव्हती. नोकरीत असतो तर माझी चौकशी झाली असती.

घंटा झाल्यावर ठमीने कुणाला काही विचारलं नाही. दारामागे तिचं जुनं दप्तर वर्षभर लटकत होतं, ते तिने पाठीवर घेतलं. बूट घातले. दार उघडलं.

"ठमे, कुठे चाललीस?" लेक म्हणाली.

"घरी," ठमी म्हणाली आणि जिना उतरली.

आम्ही सगळे खिडकीशी गेलो, तपासनीसबाईसुद्धा. खाली ठमी रमतगमत चालली होती. शेजारच्या इमारतीच्या पाइपांपाशी ती थांबली, एका पाइपाला कान लावला, मग खुशाल पुढे गेली. कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली. लेक खिडकीतून हलली ती थेट दाराशी जाऊन उभी राहिली. संपूर्ण इमारतीला फेरी घालून वर यायला लहान पावलांना जेवढा वेळ लागतो तेवढा गेला. तेवढ्यात अंबाड्यातल्या सगळ्या पेन्सिली काढून तिने चपलांच्या फळीवर ठेवल्या.

बेल वाजली. दार उघडलं.

"आई, आले," ठमी म्हणाली. दप्तर तिने तिथेच टाकलं, अगदी वाटेत, सगळ्यांना अडखळायला होईल असं. "भूक लागली."

माझी लेक उंबऱ्यातच खाली बसली आणि तिने तिला कुशीत ओढली. "किती उशीर केलास गं," ती म्हणाली. पुढे ती रडली, आणि त्यात शैक्षणिक काही नव्हतं.

तपासनीसबाईंनी शेरा लिहिला तो मी माझ्या डोळ्यांनी वाचला. 'शाळा सुटते. मान्यता कायम ठेवण्यास हरकत नाही.' जाताना त्या मला जिन्यात म्हणाल्या, "माझी मुलगी गेले दोन महिने काहीतरी सांगायचं म्हणते आहे. मी तपासणीच्या कामात." मग त्या भराभर उतरल्या.

तेव्हापासून आमची शाळा चारला सुटते. सुटली की सगळे चपला घालून बाहेर पडतात, इमारतीला फेरी मारतात आणि घरी येतात. जावईबापूही लॅपटॉप मिटून फेरीत येतात. दारातून आत शिरताना त्यांना आपण ऑफिसातून आल्यासारखं वाटतं, आणि ते खरोखरच दमल्यासारखे पाणी मागतात. कुंभारकाम आणि रोबो बंद झाले, एकाग्रता राहिली. दूध अजून उतू जातं. आता ते लगेच पुसलं जातं. शेजारी आम्हाला वेडे समजतात. त्यांचं बरोबर आहे. शहाणी माणसं घरातल्या घरात राहतात आणि घरी जायची त्यांना गरजच पडत नाही.

आपण वाचक मंडळी अर्थातच शहाणी. आपल्याकडे ना शाळा भरते, ना मॅडम आहेत, ना अंबाड्यात पेन्सिली. आपण आरामात बसून एका वेड्या कुटुंबाची हकिकत वाचलीत, मध्ये एक-दोनदा हसलातही. फक्त तेवढ्यात आतल्या खोलीतून आपल्याला दोनदा हाक आली, आणि दोन्ही वेळा आपण मान वर न करता 'हं' म्हणालात. माझा त्यावर काही आक्षेप नाही. पोच रीतसर होती. पण विनाआदेश घंटा द्यायची मला आता सवय लागली आहे, म्हणून ही एक तुमच्यासाठी देतो. हे वाचन ठेवा खाली. तिसरी हाक येईलच असं नाही.